एकाच खाणीचा मुरूम, आमचा सीबीआर ११.४ आणि बाहेरच्या लॅबचा ५.४. गोंधळ कुठे झालाय?

अनघा_साईटवरून | सोमवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. सिव्हिल होऊन दोन वर्षं झाली. त्यातलं दीड वर्ष वाघोलीच्या पुढे, केसनंदच्या बाजूला एका रस्त्याच्या कामावर आहे. साईटवरची लॅब माझ्याकडे आहे. लॅब म्हणजे पत्र्याचा कंटेनर, एक ओव्हन, हाताने फिरवायचं सीबीआर मशीन (सीबीआर म्हणजे ठोकलेली माती किंवा मुरूम किती भार पेलतो त्याचा टक्क्यांतला आकडा), मी आणि मदतीला एक पोरगा. त्यामुळे प्रश्न विचारताना थोडी लाजच वाटतेय, पण विचारते.

खालची जमीन अस्सल काळी. उन्हाळ्यात भेगांत चप्पल अडकते, पावसात चप्पल तिथेच राहते. त्यावर ५०० मिमी मुरमाचा सबग्रेड (रस्त्याच्या थरांखालचा ठोकलेला पाया) आहे आणि डिझाइनमध्ये त्याचा सीबीआर ८ टक्के धरलाय. मुरूम जवळच्या डोंगरकडेच्या खाणीचा.

दोन महिन्यांपूर्वी मी त्याचा भिजवलेला सीबीआर काढला. तीन मोल्ड (मुरूम ठोकून भरायचे साचे) : ११.९, १०.६, ११.७. सरासरी ११.४. सगळे खूश. गेल्या आठवड्यात सल्लागारांनी परस्पर नमुना उचलून बाहेरच्या लॅबला दिला. त्यांचे आकडे ५.४, ४.९, ५.८. सरासरी ५.४. आता सल्लागार म्हणतात, साईट लॅबचा आकडा आम्ही धरणारच नाही. आमचे मॅनेजर म्हणतात, त्या लॅबवाल्यांना काही येत नाही. माझ्याकडे मात्र दोघंही एकाच नजरेने बघतात.

माझा एमडीडी (ठोकून मिळणारी जास्तीत जास्त कोरडी घनता) १.९२ ग्रॅम प्रति घनसेंमी, ओएमसी (ती ज्या ओलाव्याला मिळते तो) ११.८ टक्के (हेवी कॉम्पॅक्शन, म्हणजे जड रॅमरने ठोकून). त्यांचा एमडीडी १.८४.

आणखी एक त्रास आहे, त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही. चाचणी पट्ट्यावर सँड रिप्लेसमेंटने (खड्डा काढून त्यात वाळू भरून मोजायची पद्धत) घनता १.८१ च्या वर जातच नाही. म्हणजे माझ्या एमडीडीच्या ९४ टक्के, पाहिजेत ९७. रोलरवाले मामा चौदा फेऱ्या मारून वैतागलेत. "ताई, आता खालून पाणी काढू का?" असं परवा विचारत होते.

६० टिपर मुरूम येऊन पडलाय. पाऊस तीन आठवड्यांवर. कुणाचा आकडा खरा?

खडी_आणि_खडे | सोमवार, रात्री १०.५२

तिसऱ्या लॅबला द्या. तीन आकडे आले की मधला धरायचा. आम्ही हेच करतो. आणि बाहेरची लॅब पहिल्यांदा कमीच देते हो, सवयच आहे ती.

कोनवाला | सोमवार, रात्री ११.२०

एवढं करण्यापेक्षा डीसीपी (टोकाला कोन असलेला दांडा जमिनीत ठोकायची चाचणी) मारा की साईटवर. ८ किलोचा हातोडा, ५७५ मिमीवरून सोडायचा, किती मिमी घुसला ते मोजायचं. थोड्या वेळात बरीच ठिकाणं होतात आणि सीबीआरचा अंदाजही येतो. मोल्ड भिजवत बसायची भानगड नाही.

जुना_रॅमर | मंगळवार, सकाळी ६.०५

अनघाताई, लाजायचं कारण नाही. एकतीस वर्षं माती-लॅबमध्ये काढली, निम्मी मोल्ड धुण्यात. असले दोन आकडे समोरासमोर आले की पहिल्या दिवशी सगळे एकमेकांवर चोरीचा आळ घेतात. चोरी क्वचित असते. बहुतेक वेळा दोन लॅब दोन वेगळ्या गोष्टी मोजत असतात आणि दोन्हींना एकच नाव देतात.

आधी वरच्या दोघांबद्दल. मधला आकडा धरायला ही मंडईतली भाजी आहे का? तीन चुकीच्या आकड्यांतला मधलाही चुकीचाच. आणि कोनवाले साहेब, डीसीपी चांगली चीज आहे, पण मे महिन्यात पुण्यात कोरड्या ठणठणीत मुरमावर मारलीत तर तो मुरूम स्वतःला काँक्रीट समजेल. चार दिवस पाण्यात ठेवायचं ते भानगड म्हणून नाही. ऑगस्टमध्ये रस्त्याखाली काय हाल असतील ते बघायला ठेवायचं. डीसीपीने पट्ट्यातल्या मऊ जागा हुडका, त्याला माझा पाठिंबा आहे.

आता मूळ मुद्दा. सीबीआर हा मुरमाचा गुण नाही. एका विशिष्ट घनतेला, विशिष्ट ओलाव्यावर ठोकलेल्या आणि विशिष्ट प्रकारे भिजवलेल्या मुरमाचा तो गुण आहे. नुसतं "या खाणीचा सीबीआर ११" म्हणणं म्हणजे "भाताला तीन शिट्ट्या" म्हणण्यासारखं आहे. तांदूळ कुठला, पाणी किती, कुकर कुणाचा?

मुळात हा आकडा आला कुठून बघा. १९२० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्यात पोर्टर नावाच्या अभियंत्याने हे काढलं. तिथल्या चांगल्या खडीत ५० मिमी व्यासाचा दांडा २.५ मिमी घुसवायला जो भार लागतो तो शंभर टक्के. आपण तो १३७० किलो धरतो, ५ मिमीला २०५५. म्हणजे तुमच्या मुरमाचे ११.४ टक्के म्हणजे त्या परक्या खडीच्या मानाने इतकेच. प्रॉक्टरचा ठोकण्याचा प्रयोग (एमडीडी-ओएमसी त्यातूनच निघतात) थोडा नंतरचा, १९३३ चा. आपली आयएस २७२० (माती-चाचण्यांचं भारतीय मानक) ची भाग ७, ८ आणि १६ ही पुस्तकं या दोघांवरच उभी आहेत.

आता प्रश्न. उत्तरं नोंदवहीतून द्या, आठवणीतून नको.

मोल्ड कसे भरले? ५६ ठोके मारून, की ९७ टक्के घनतेला वजन करून दाबले? मोल्डमधल्या मुरमाची घनता नंतर काढली का, किती आली? प्रॉक्टर करताना प्रत्येक बिंदूला (म्हणजे प्रत्येक वेगळ्या ओलाव्याला) ताजा मुरूम घेतला की तोच फोडून, पाणी घालून परत वापरला? टाकीत पाणी कुठपर्यंत होतं आणि किती तास? भिजवताना मोल्डवर ठेवलेली वजनं किती होती? भिजल्यावर फुगवटा दोघांचा किती? नमुना कुणी, कुठून उचलला?

आणि त्या लॅबच्या अहवालातल्या एका मोल्डचे भार-प्रवेशाचे आकडे इथे टाका. आलेख नको, आकडे.

अनघा_साईटवरून | मंगळवार, रात्री ९.३०

काका, नोंदवही घेऊन बसलेय. एकेक ओळ लिहिताना पोटात गोळा येतोय.

मोल्ड ५६ ठोक्यांनी भरले, पाच थर, ४.९ किलोचा रॅमर. घनता काढली नव्हती, पण ओल्या मुरमाचं वजन लिहिलंय : ४७१२ ग्रॅम. २२५० घनसेंमीने भागलं तर २.०९४, आणि माझा ओएमसी धरून कोरडी घनता १.८७. म्हणजे १.९२ च्या ९७.५ टक्के. हे तर बरोबरच आलं ना?

प्रॉक्टरला तोच मुरूम परत वापरला. पाच बिंदू, एकच घमेलं. पोरगा दरवेळी हाताने फोडून पाणी शिंपडायचा. आधीचे लोकही असंच करायचे, म्हणून मीही केलं.

भिजवणं : शुक्रवारी संध्याकाळी सहाला ठेवले, मंगळवारी सकाळी दहाला काढले. ८८ तास. टाकी म्हणजे कापलेला प्लॅस्टिकचा ड्रम. पाणी वजनांच्या वर ठेवायचं असतं हे माहीत होतं, पण शनिवार-रविवारी उन्हाने खाली गेलं असणार. मंगळवारी बघितलं तेव्हा मोल्डच्या अर्ध्यापर्यंत होतं. वॉचमनकाकांना सांगितलं होतं बादली ओतायला.

वजनं : आता हसू नका. प्रत्येक मोल्डवर २.५ किलोची दोन हवीत, म्हणजे तिघांची सहा. आमच्याकडे पाचच होती. सहावं कुठे गेलं म्हणून आज शोधलं तर कंटेनरचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावलेलं सापडलं. १०.६ वाला मोल्ड एका वजनावर होता.

फुगवटा : आमचा ०.४ टक्के, त्यांचा २.१.

नमुना : माझा खाणीच्या कड्यातून, मार्चमध्ये, स्वतः जाऊन आणलेला. त्यांचा साईटवरच्या शेवटच्या ढिगांतून.

त्यांचा पहिला मोल्ड, प्रवेश मिमीत, भार किलोत :
०.५ – ९
१.० – २२
१.५ – ४०
२.० – ५८
२.५ – ७४
३.० – ८८
४.० – १०७
५.० – १२२
७.५ – १५०

२.५ ला ७४ भागिले १३७०, म्हणजे ५.४. त्यांचा हिशोब बरोबर आहे.

जुना_रॅमर | बुधवार, सकाळी ६.१०

दाराच्या वजनासाठी सकाळी सकाळी हसलो, माफ करा. आमच्या लॅबमध्ये एक वजन लोणच्याच्या बरणीवर होतं.

आता क्रमाने नाही, मला जे आधी दिसलं त्या क्रमाने.

त्यांचा हिशोब बरोबर नाही. भाग बरोबर दिलाय, पण आलेख बघितलेला नाही. सुरुवातीला अर्ध्या मिमीला ९ किलो, पुढच्या अर्ध्याला १३, मग १८, १८. म्हणजे रेघ आधी खाली पोट धरून वर चढतेय. दांडा नीट बसला नसेल किंवा वरचा पापुद्रा मऊ पडला असेल. अशा वेळी सगळ्यात उभ्या भागाची सरळ रेघ खाली वाढवायची आणि ती जिथे आडव्या अक्षाला टेकेल तिथे नवं शून्य धरायचं. १ ते २ मिमीत चढ ३६ किलो प्रति मिमी आहे. १.५ ला ४० असेल तर रेघ साधारण ०.३९ मिमीला टेकते. म्हणजे त्यांचं २.५ खरं २.८९ वर आहे, तिथे भार सुमारे ८५ किलो. ८५ भागिले १३७०, ६.२ टक्के. ५ मिमीचंही तसंच करा, ५.३९ ला १२६ किलो येतात, तेही ६.१-६.२. दोन्ही जुळले. सरकवण्याआधी बघा : २.५ ला ५.४ आणि ५ ला ५.९. ५ मिमीचा आकडा मोठा आला की चाचणी परत करायची असते, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. त्यांनी केली नाही. तर त्यांचा ५.४ हा खरं म्हणजे सहाच्या पुढचा आहे. दहा मिनिटांत ०.८ टक्का सापडला.

आता तुमच्याकडे येतो. तो "बरोबरच आलं ना?" मला रात्रभर टोचत होता.

खाणीचा मुरूम म्हणजे कुजलेला बेसॉल्ट. एक खडा हातात घ्या आणि अंगठ्याने दाबा. कडा चुरते, पिवळसर पीठ बोटाला लागतं. आता त्याच खड्यावर ४.९ किलोचा रॅमर ४५० मिमीवरून, एकाच घमेल्याला पाच वेळा भरून, दर वेळी पाच थर. पाचव्या बिंदूला तुमच्या मोल्डमध्ये मुरूम नव्हताच, मुरमाचं पीठ आणि बारके खडे होते. पीठ फटीत बसतं, वजन वाढतं, एमडीडी चढतो. म्हणूनच ठोकल्यावर चुरणाऱ्या मातीसाठी प्रत्येक बिंदूला ताजा नमुना घ्या असं भाग ८ मध्ये सांगितलंय. तुमचा १.९२ हा त्या पिठाचा एमडीडी आहे. ताज्या मुरमाचा १.८५ च्या आसपास निघेल असा माझा अंदाज, करून बघा.

तसं असेल तर पुढचं बघा. तुमच्या सीबीआर मोल्डमध्ये ताजा मुरूम होता, पूर्ण ५६ ठोके खाल्लेला, घनता १.८७. कागदावर ९७.५ टक्के, प्रत्यक्षात शंभर. चुकीच्या भाजकाने तुमचं मन शांत केलं. त्यांनी १.८४ च्या ९७ टक्क्यांना, १.७८-१.७९ ला मोल्ड भरला असणार. एक मोल्ड शंभरला, दुसरा सत्त्याण्णवला, वर तुमचा अर्धवट भिजलेला. सीबीआर सारखा येईल कसा?

आणि रोलरवाल्या मामांचं १.८१. ते १.९२ च्या ९४ टक्के. पण एमडीडी १.८६ निघाला तर ते ९७.३ होतं. ताई, मामा बहुधा पहिल्यापासून पास आहेत. चौदा फेऱ्या तुमच्या घमेल्याने मारायला लावल्या.

दाराचं वजन उलट्या दिशेला गेलं, हे लक्षात घ्या. वरचं ओझं कमी असलं की मुरूम जास्त फुगतो आणि सीबीआर कमी येतो. म्हणून १०.६. म्हणजे तुमच्याही चुका सगळ्या एका बाजूला नाहीत. लबाडीने केलेल्या असत्या तर एका बाजूला असत्या.

पण फुगवटा ०.४ आणि २.१ हा फरक घनतेने किंवा वजनाने पूर्ण सुटत नाही. १२७.३ मिमीच्या नमुन्यात २.१ टक्के म्हणजे पावणेतीन मिमी वर येणं. शुद्ध मुरूम इतका उठत नाही. त्यात काळी माती मिसळली आहे, मी पैज लावतो. खाणीच्या माथ्यावर दीड-दोन फूट काळी असते. पोकलेनवाला घाईत असला की ती बाजूला न काढता कड्यासकट खाली ओढतो. तुम्ही मार्चमध्ये कड्यातून स्वच्छ नमुना आणलात, त्यांनी आलेल्या ढिगातून उचलला. मुरूमही एक नाही, चाचणीही एक नाही.

दोन बरण्या लावा. आयएस २७२०, भाग ४०. ४२५ मायक्रॉनमधून गाळलेली, ओव्हनमध्ये वाळवलेली माती, दहा-दहा ग्रॅम. १०० मिलीचे दोन मोजपात्र. एकात डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्यात रॉकेल. हवा जाईपर्यंत काचेच्या कांडीने हलवा, चोवीस तास हात लावू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात काळी फुगते. फरक टक्क्यात. त्या लॅबकडे उरलेला नमुना असतो, सल्लागारांकरवी मागून घ्या. त्यांनाही यात रस असायला हवा.

खडी_आणि_खडे | बुधवार, सकाळी ९.४०

काका, एक शंका. रोलरखाली पण मुरूम फुटतोच की. मग परत वापरलेला मुरूमच रस्त्याच्या जास्त जवळचा नाही का?

जुना_रॅमर | बुधवार, दुपारी १.१५

शंका चांगली आहे, कालच्या भाजीपेक्षा बरीच. फुटतो, पण किती ते मोजा, गृहीत धरू नका. चाचणी पट्ट्यावरून रोलर फिरल्यावर मुरूम उचला, धुऊन चाळा, ४.७५ मिमीच्या चाळणीवर किती राहिला बघा. ठोकण्याआधीचा, एका प्रॉक्टरनंतरचा आणि पाच वेळा वापरलेला, हे तीनही बाजूला ठेवा. माझ्या अनुभवात रोलरचा मुरूम पहिल्या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो, पाच वेळा कुटलेल्याच्या जवळही जात नाही. शिवाय ९७ टक्के म्हणजे कशाचे, हे सगळ्यांनी एकच धरायला हवं. नाहीतर प्रत्येकाचा शंभर वेगळा.

माझ्या वडिलांचं नारायण पेठेतलं घर पानशेतच्या पुरात गेलं, १२ जुलै १९६१. ते मातीचं धरण होतं. तेव्हापासून आमच्या घरात "मातीला काय होतंय" असं कुणी म्हटलं की आजी उठून आत जायची. उगाच आठवलं.

अनघा_साईटवरून | पुढच्या आठवड्यातला शनिवार, रात्री ८.४५

उशीर झाला, मोल्ड टाकीत होते. सगळं सांगते.

पहिलं, ताज्या मुरमाचा प्रॉक्टर. पाच बिंदूंना पाच वेगळी घमेली, पाणी मिसळून रात्रभर पिशवीत बंद. एमडीडी १.८६, ओएमसी १२.६. काकांनी १.८५ म्हटलं होतं. मामांचं १.८१ आता ९७.३ टक्के आहे.

दुसरं, बरण्या. रॉकेल मिळवायला दोन दिवस गेले, शेवटी पोऱ्याच्या गावाहून अर्धा लिटर आलं. माझ्या मार्चच्या पोत्यातला मुरूम : रॉकेलमध्ये १०, पाण्यात ११. म्हणजे १० टक्के. त्यांच्या उरलेल्या नमुन्याचा : रॉकेलमध्ये ११, पाण्यात १५. ३६ टक्के. दोन्ही पात्रं खिडकीत शेजारी ठेवली होती. माझ्याकडे पाण्याखाली पिवळट, घट्ट, कड स्पष्ट. त्यांच्याकडे वर करड्या रंगाचा, जेलीसारखा थर, पात्र हलवलं की हळूच डुलायचा. पोरगा म्हणाला, "ताई, हे तर आपल्या शेतातलंच." सबग्रेडला ५० पर्यंत चालतं, म्हणून कागदावर ३६ पास. म्हणूनच कुणाच्या डोळ्यात आलं नसावं.

तिसरं, साठही टिपरचे ढीग फिरून नमुना गोळा केला, क्वार्टरिंग करून (चार भाग करून समोरासमोरचे दोनच ठेवत) कमी केला. ९७ टक्क्यांना, म्हणजे १.८०४ ला मोल्ड. प्रत्येकात ४५७० ग्रॅम ओला मुरूम मोजून, जॅकने दाबून. दोन-दोन वजनं. (दाराला आता वीट लावलीय.) पूर्ण ९६ तास. ड्रमवर आतून लाल रंगाने रेघ मारली आणि वर पाटी लावली : "पाणी रेघेखाली दिसल्यास ओतावे. विचारत बसू नये." वॉचमनकाकांनी खरंच विचारलं नाही.

आले ७.४, ६.८, ७.९. सरासरी ७.४. आलेख तिन्हींचे काढले, एकाला शून्य सरकवावं लागलं. वरच्या ३० मिमीचा ओलावाही काढला, २० टक्क्यांच्या जवळ, तळापेक्षा बराच जास्त.

म्हणजे माझे ११.४ नाहीत, त्यांचे ५.४ नाहीत, आणि हवे असलेले ८ पण नाहीत. सल्लागारांसमोर सगळं ठेवलं, माझ्या चुकांसकट. मॅनेजर तेवढा वेळ मोबाईल बघत होते. सल्लागारांनी त्यांच्या बाजूने आलेखाची चूक मान्य केली, जरा उशिरा पण केली. आता ठरलंय की खाणीच्या माथ्यावरची काळी आधी वेगळी काढायची आणि स्वच्छ कड्याचा मुरूम परत तपासायचा. पण पडलेल्या ६० टिपरचं काय? चुना टाका असं एकजण म्हणतोय.

कोनवाला | शनिवार, रात्री ९.२०

डीसीपी मारली का?

जुना_रॅमर | रविवार, सकाळी ६.००

साठ टिपरसाठी चुना आणून, पसरून, मिसळून, दिवस मोजत बसाल तर पाऊस तुमच्या आधी येईल. चुना काळ्या मातीवर चांगलं काम करतो, पण मिसळणी नीट झाली तर. टिपरमधून ओतून फावड्याने फिरवलेला चुना म्हणजे पिठीसाखर. तुमच्या रस्त्यावर ओढ्याची मोरी असेल, तिच्या दोन्ही बाजूंना भराव असेल. वरच्या ५०० मिमीत हा मुरूम नको, भरावात खाली टाका. तिथे घनता ९५ टक्के लागते आणि सीबीआर ८ ची अट तिथे नाही. मात्र डिझाइनवाल्यांकडून लेखी घ्या, तोंडी नको. पाण्याच्या अगदी काठालाही नको.

७.४ बद्दल वाईट वाटून घेऊ नका. एवढ्या वर्षांत दोन्ही पक्षांना न आवडलेला आकडा मी बहुतेक वेळा विश्वासाने सही करून दिलाय.

आणि मशीनवरची प्रूव्हिंग रिंग (भार मोजायची कडी) कोणती आहे? ५० किलोन्यूटनची असेल तर तिच्या डायलवरचा एक भाग सहा-सव्वासहा किलोचा. म्हणजे एक भाग वाचायला चुकलात की अर्धा टक्का गेला. सात-आठ टक्क्यांच्या मातीला १० किलोन्यूटनची रिंग मागवा.

अनघा_साईटवरून | रविवार, रात्री १०.०५

५० चीच आहे. मागणी टाकली.

मोरीजवळ भराव आहे, सल्लागारांना मेल केलाय. स्वच्छ कड्याचे तीन मोल्ड आज दुपारी चारला टाकीत ठेवले, गुरुवारी चारला निघतील. कोनवाले दादा, डीसीपी उद्या मारणार, मऊ जागा शोधायला.

मामांना १.८१ पास असल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "मग त्या जास्तीच्या फेऱ्यांचं डिझेल कुणाच्या नावावर?" मी चहा सांगितला.